डोलकाठी कापली त्या वर्षी

मला इंजिनाचा आवाज आवडायचा, हे आधीच कबूल करून टाकतो. आता म्हातारपणी कोणी ना कोणी येऊन विचारतं, "काय हो, पूर्वी शिडाच्या बोटी किती छान दिसत असतील, नाही?" तेव्हा माझं डोकं फिरतं. छान कसल्या डोंबलाच्या! वारा पडला की खाडीच्या तोंडाशी तीन तीन दिवस बसून राहायचं, पिंपातलं पाणी तळाला जायचं, भाताबरोबर सुकटीशिवाय काही उरायचं नाही, आणि बाबा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून मान इकडून तिकडे फिरवत वारा हुंगत बसायचे. ते बघून माझा जीव जायचा. तेव्हा शिडांचं गुणगान मला सांगू नका. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

आमचं घर रत्नागिरीला खाडीच्या काठावर. बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आणि मचवा आमच्याच घरचा. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की मालाची ने-आण सुरू व्हायची. जाताना सुपारी, नारळ, लाकूडफाटा, वैशाखात आंब्याच्या पेट्या. येताना कौलं नाहीतर मीठ. बाबा पहाटे उठून अंगणात जायचे आणि कानाच्या पाळीला थुंकी लावून उभे राहायचे. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, आम्ही त्याला मतलई म्हणतो, तो सुटलाय की नाही ते त्यांना त्या ओल्या कानाला कळायचं. मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी समुद्रावरून उलटा वारा सुटला की त्यावर घरी परतायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मला मात्र तो थुंकी लावलेला कान बघून लाज वाटायची. कोणी बघत तर नाही ना, म्हणून मी कुंपणाबाहेर नजर टाकायचो.

मी दोन वर्षं मुंबईला एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथं इंजिन खोलायला आणि जोडायला शिकलो, आणि परत आलो तो भलताच शहाणा होऊन आलो. पन्नास सालानंतरचे दिवस. आमच्या किनाऱ्यावर इंजिनं नुकती येऊ लागली होती. कुठल्याशा योजनेतून आम्हालाही एक मिळालं. हिरव्या रंगाचं, एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं. पहिल्यांदा ते मचव्यात बसवून सुरू केलं तेव्हा अख्खी वाडी धक्क्यावर जमली. आईनं नाकाला पदर लावला. "अगो बाय, काय हा वास! घरात घासलेटाचं दुकान काढलंन मेल्यानं." पण तीही हसत होती. बाबांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मग काय, माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत बसून मी भविष्य सांगायचो. पाच-दहा वर्षांत या बंदरात औषधालासुद्धा शीड दिसणार नाही. रस्त्यावर बैल दिसणार नाही. वाऱ्याची वाट बघणारे वाट बघतच मरतील. आता माणूस ठरवेल तेव्हा निघेल आणि ठरवेल तेव्हा पोचेल. डिझेलला आम्ही नुसतं तेल म्हणायचो. "तेल घाला की चालली," असं म्हणून मी मांडीवर थाप मारायचो. बाबा कोपऱ्यात बशीतून चहा पीत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "वारा कुठनं येतो ता मला ठाव हाय. तुझा तेल कुठनं येता रे?"

"मुंबईहून. आगबोटीतून ड्रम येतात."

"मुंबैत कुठनं येता?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "येतं कुठूनतरी. आपल्याला काय करायचंय?" सगळे हसले. बाबाही हसले आणि बशी खाली ठेवली.

पहिलं वर्ष आम्ही इंजिनही ठेवलं आणि शीडही. बाबा वारा असला की इंजिन बंद करायला सांगायचे. मी चिडायचो. दोन-दोन गोष्टी कशाला पोसायच्या? डोलकाठी मचव्याच्या मधोमध उभी, तिच्या बुंध्याशी जागा अडलेली, शिडाची गुंडाळी वर, दोरखंड खाली. तेवढ्या जागेत पंचवीस-तीस पेट्या सहज बसल्या असत्या. मी हे बाबांना दहादा सांगितलं असेल. त्यांचं एकच उत्तर: "काठी खायला मागते काय तुझ्याकडं? ऱ्हाऊ दे."

पावसाळ्यात मचवा वर ओढून झापांच्या छपराखाली ठेवलेला होता. बाबा राजापूरला त्यांच्या मावशीच्या घरी दिवसकार्याला गेले. पावसानं नदी फुगली आणि ते आठ दिवस तिकडेच अडकले. त्या आठ दिवसांत मी दोन खलाशांना हाताशी धरलं, डोलकाठी उतरवली आणि करवतीनं तिचे तीन तुकडे केले. नुसती उतरवून ठेवता आली असती. बाजूला, छपराखाली, आडवी. पण मला ठाऊक होतं, ठेवली तर बाबा पुन्हा उभी करतील. म्हणून कापली. शिडाचं कापड पेट्यांवर झाकायला फाडलं, उरलेलं आईनं भात वाळवायला घेतलं. त्या दिवशी मला काय वाटलं ते खरं सांगतो. मजा वाटली. एकदाचं काम फत्ते झालं असं वाटलं.

बाबा परत आले ते छत्री मिटत सरळ छपराखाली गेले. काठीच्या कापलेल्या तोंडावर त्यांनी तळहात ठेवला. मी मागं उभा, तोंडात उत्तरं तयार. पण ते भांडलेच नाहीत.

"कापलीस?"

"जागा झाली, बाबा."

"व्हय. जागा झाली खरी." एवढंच म्हणाले. आणि संध्याकाळी टपरीवर कोणी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, "पोराचं डोकं चालतं. नाय म्हटलं तरी तीस पेटी जागा केलान." मला वाटलं, पटलं त्यांना. मूर्ख होतो मी. बापानं मुलाची बाजू सावरून घेतली आणि मला ती शाबासकी वाटली.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तिला मी बाय म्हणायचो आणि रागावलो की भोपळी, कारण लहानपणी तिचे गाल तसे होते. तिचं सासर गुहागर तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या पलीकडच्या अंगाला. नवरा मुंबईला गिरणीत, घरी सासू-सासरे. गाव तसं चांगलं, पण तिथून रत्नागिरीला यायचं म्हणजे समुद्रातून निम्मा दिवस. जमिनीवरून यायचं तर आधी बैलगाडी, मग होडीतून खाडी, मग पलीकडून पुन्हा गाडी नाहीतर चालू असेल तर मोटार. कातळावरचा तो रस्ता म्हणजे नुसते धोंडे आणि खड्डे.

काठी कापल्यानंतरच्या हिवाळ्यात तिला पहिल्यांदा दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळीकडेच. पण आमच्याकडे आणखी एक आहे. बाईला सातव्यात आणायची. सातवा सरला आणि आठवा लागला की तिला जागची हलवायची नाही, खाडी तर ओलांडायचीच नाही. का, ते कोणी सांगत नसे. पण ते मोडायची कोणाची छाती नव्हती. तिच्या सासूनं तिथीनं मोजून निरोप पाठवला होता की पुढच्या मंगळवारी आठवा लागतो, त्याच्या आत या आणि घेऊन जा. निरोप आला तो सोमवार होता. म्हणजे हातात पुरते आठ दिवस.

आईनं त्याच दिवशी माडीवरची खोली सारवून घेतली. डिंक, हळीव, जुनी मऊ लुगडी, सगळं काढून ठेवलं. "उद्याच जा रे," ती म्हणाली, "पोर वाटेकडं डोळे लावून बसली असेल."

जायचं कशानं? टाकीत तेल नव्हतं. मागच्या फेरीत कौलं आणताना संपलं होतं. मी तेलाच्या वखारीत गेलो तर तिथला माणूस म्हणाला, गेल्या बोटीला ड्रम आलेच नाहीत, या शुक्रवारच्या बोटीला येतील. का आले नाहीत, म्हणून विचारलं तर त्यानं पेपर पुढं केला. तिकडे लांब कुठल्या तरी देशात एका कालव्यावरून भांडण जुंपलं होतं, तेलाची जहाजं अडली होती. मला ते नीटसं कळलंही नाही. कुठला कालवा, कुठली जहाजं! माझी बहीण इथं जयगडच्या पलीकडे बसलीय आणि तिला आणायचं की नाही ते हे लोक ठरवणार? मी त्या माणसाशी उगाच भांडलो. तो बिचारा काय करणार? त्यानं पानाला चुना लावला आणि पेपर घडी करून ठेवला.

आता जे सांगतो ते मी आईला कधी सांगितलं नाही. बुधवारी सकाळी धक्क्यावर चाचा भेटले. चाचा म्हणजे आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातले नाखवा, बाबांच्या बरोबरीचे. दोघांनी लहानपणी एकाच होडीतून गळ टाकलेले. त्यांचा मचवा शिडाचा. त्यांनी इंजिन घेतलं नव्हतं, आणि टपरीवर मी त्यांचीच सगळ्यात जास्त टिंगल केलेली. ते दाभोळला मीठ घेऊन निघाले होते. शीड वर चढत होतं.

"बहिणीला आणायचीय म्हणे?" त्यांनी विचारलं. "चल की माझ्याबरोबर. तुला जाताना तिथं उतरवतो. मंगळवारच्या आत काय, रविवारी परत येताना दोघांना घेतो. वारा झकास आहे."

मतलई खरंच सुटली होती. माझ्या सदऱ्याची टोकं समुद्राकडे उडत होती. आणि धक्क्यावर टपरीतली तीच सगळी मंडळी बसलेली, माझ्याकडे बघत. शीड संपलं म्हणून सांगणारा मी, आता चाचांच्या शिडाखाली बसून बहिणीला आणायला जाणार! माझे कान तापले.

"नको चाचा," मी म्हटलं, "शुक्रवारी तेल येतंय. इंजिनानं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तुम्ही फक्त वाटेत एवढं करा. तिच्या सासरी निरोप द्या. म्हणावं, घाई करू नका, रविवारपर्यंत मी येतो."

चाचांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बापाला विचारलंस?"

"हो," मी म्हणालो. चक्क खोटं बोललो. जीभ झडली नाही माझी.

त्यांनी मान हलवली आणि मचवा सोडला. जो मचवा तिला आणू शकला असता, तो तिला थांबायला सांगायला गेला. पाठवणारा मी.

शुक्रवारी मांडवी बंदरात आगबोट लागली. तिच्यापासून किनाऱ्याला ये-जा करणाऱ्या पडावांतून माणसं उतरली, ट्रंका उतरल्या, सायकली उतरल्या, कुणाचं तरी शिवणयंत्र उतरलं. ड्रम नाही. मी शेवटच्या पडावापर्यंत उभा होतो. वखारीतला माणूस माझी नजर चुकवत निघून गेला.

घरी बाबांनी विचारलं, "आला?" मी म्हटलं, "सोमवारी येईल." आईनं हळीव पुन्हा डब्यात भरून ठेवले.

शनिवारी मात्र मी डोकं चालवायला गेलो. अक्कल पाजळली म्हणा. कोणाकडून दोन डबे तेल, कोणाकडून एक, घराघरातून घासलेट, असं गोळा केलं. सगळं ओतायला एक मोठं पिंप हवं होतं. घरात तोटीचं पिंप एकच, त्यात आम्ही मुशीचं तेल ठेवायचो. मुशी म्हणजे शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल मचव्याच्या लाकडाला चोपडतात, म्हणजे लाकूड कुजत नाही. पिढ्यान् पिढ्या आमच्या दारात तेल म्हणजे तेच. मी ते पिंप रिकामं केलं, खाडीच्या पाण्यानं खळखळून धुतलं, उलटं करून निथळलं आणि त्यात माझं जमवलेलं ओतलं. वर्कशॉपमध्ये शिकून आलेला माणूस मी! पण तेलाच्या पिंपात तेल ओतायला कसली शिक्षणाची गरज, असंच वाटलं असणार. हाताला सवय तीच.

हँडल मारलं आणि इंजिन लागलं. बाबाही बरोबर येऊन बसले, स्वच्छ धोतर नेसून, मांडीवर आईनं दिलेली लाडवांची पिशवी. लेकीला आणायला निघालेले. बंदराच्या तोंडापर्यंत गेलो न गेलो तोच इंजिन खोकायला लागलं. दोनदा काळा धूर टाकला आणि बंद. नळी खोलली तर आत पिवळा चिकट लगदा आणि पाणी. मी नळी तोंडानं ओढली, थुंकलो, फुंकर मारली, पुन्हा हँडल मारलं. खांदा निखळायची वेळ आली. मचवा लाटांवर आडवा होऊन डुलत होता आणि मतलई आमच्या अंगावरून समुद्राकडे वाहत होती. गार, एकसारखी, हवी तशी.

बाबांनी डोकं वर करून बघितलं. काठी जिथं असायची तिथं. मग खाली बघितलं आणि पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. त्यांच्यासारख्या तांडेलाला त्या दिवशी वल्ह्याच्या दोन होड्यांनी दोर लावून परत धक्क्याला आणलं, सगळ्यांच्या देखत. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दुपारी बाबा स्वतः धक्क्यावर फिरले. कोणाचा शिडाचा मचवा आहे का, म्हणून विचारत. एकही नव्हता. वारा चांगला, सगळे बाहेर गेलेले. रविवार गेला. सोमवारीही ड्रम आले नाहीत. आई देवापुढे बसून होती आणि मी नळ्या धूत होतो, घासत होतो, जणू त्या लखलखीत झाल्या की तेल आपोआप येणार होतं.

तिकडे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. रविवारपर्यंत कोणी आलं नाही. सोमवारी सासऱ्यांना धीर धरवेना. उद्या आठवा लागणार, मग पोर दोन महिने इथंच अडकणार, पहिलटकरणीला माहेर नाही म्हणून लोक नावं ठेवणार. त्यांनी गाडी जुंपली. माणसं वाईट नव्हती. पद्धत पाळत होती. खाली पेंढा घातला, वर गोधड्या. होडीतून खाडी ओलांडली. पलीकडे जी मोटार मिळायची ती त्या आठवड्यात बंद, तीही याच तेलावर चालणारी. मग तिथून दुसरी गाडी केली. कातळावर चढली आणि दोन-तीन कोसांत तिला कळा सुरू झाल्या. वाटेवरच्या एका घराच्या पडवीत, ज्या बाईला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं तिच्या हातात, माझी बहीण बाळंत झाली. मुलगी होती. संध्याकाळपर्यंत होती, मग नव्हती.

रविवारी वाटेत कोणाला घ्यायचं नव्हतं, म्हणून चाचा परतीच्या मालासाठी दाभोळला दोन दिवस जास्त राहिले. तिथून येताना ते पाण्याला म्हणून जयगडला थांबले. बंदरावर त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी तिथंच माल उतरवून ठेवला, मचव्यात गाद्या पसरल्या, तिला गाडीनं बंदरावर आणवलं आणि बुधवारी दुपारच्या वाऱ्यावर तिला आमच्या धक्क्याला आणून सोडलं.

ती उतरली तेव्हा चालत होती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं, का ते सांगता येत नाही. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले, पण चालत होती. आईनं तिला कुशीत घेतली आणि दोघी घराकडे गेल्या. मी पिशवी उचलायला पुढं झालो तर ती हलकी होती. आत दोन लुगडी आणि एक टोपडं.

चाचा बाबांपाशी थांबले. मग हळूच म्हणाले, "मी पोराला बुधवारीच म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर. तुला विचारून नको म्हणतोय, असं सांगितलंन. नायतर मी जबरदस्तीनं बसवला असता."

मी तिथंच उभा होतो. बाबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता एक कानफटात बसेल, आणि देवाशपथ सांगतो, बसावी असं वाटत होतं. त्यांनी हात उचलला नाही.

"मला सांगायचंस रे," ते म्हणाले. "मी गेलो असतो."

त्यांना काय! टपरीवरचे लोक काय म्हणतील याची त्यांना फिकीर नव्हती. मित्राच्या मचव्यात बसायला त्यांना कसली लाज? ते आनंदानं गेले असते, दोघे म्हातारे गप्पा मारत, बिड्या ओढत. हे मला त्याआधी एकदाही सुचलं नव्हतं. मी फक्त माझाच विचार केला. माझं नाक, माझं इंजिन, माझं भविष्य. बाबांना विचारलं असतं तर आज माझी भाची नातवंडांत रमली असती. मी तिची वर्षं मोजायची नाहीत म्हणतो आणि दर वर्षी मोजतो.

बहीण महिनाभर माडीवरच्या खोलीत राहिली. मी सकाळ-संध्याकाळ जिन्यापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. एके दिवशी तिनंच हाक मारली, "दादा, ये की वर. तिथं काय घुटमळतोस?" मी गेलो. सगळं सांगितलं. चाचा काय म्हणाले, मी काय म्हणालो, टपरीतली माणसं, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं, रडेल, शिव्या घालेल. भोपळीच ती, लहानपणी नख मारायची. पण ती म्हणाली, "तुझा निरोप आला तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. म्हटलं, दादा येतोय." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या वर्षी तेल आलं. येतच राहिलं. कालव्याचं भांडण मिटलं म्हणे. बंदरात इंजिनं वाढली, शिडं खरंच कमी झाली. माझं भविष्य काही खोटं ठरलं नाही. बाबा पुन्हा मचव्यावर चढले नाहीत. कोणी विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगायचे. दोन वर्षांनी चाचांनीही इंजिन घेतलं आणि ते बसवायला मला बोलावलं. मी बसवून दिलं. काठी काढू का म्हणून त्यांच्या पोरानं विचारलं, तेव्हा मी त्याच्यावर इतका ओरडलो की चाचांनी मला बाजूला नेऊन पाणी पाजलं.

मग बहिणीला पुन्हा दिवस गेले. या वेळी आईनं मला पाचव्यातच पाठवलं. मी सकाळी निघालो आणि दुपारच्या जेवणाच्या आत पोचलो, इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. सासू-सासऱ्यांनी आगत-स्वागत केलं. बहिणीनं ताट वाढलं, सोलकढी दिली, आईच्या खोकल्याचं विचारलं. गाल पुन्हा भरले होते. मी म्हटलं, "या वेळी लवकरच चल. आजच चल म्हणालीस तरी नेतो."

"तेल आहे का रे?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता. मी तिचा चेहरा नीट बघितला; खरंच विचारत होती, घरात मीठ आहे का म्हणून विचारावं तसं.

"तीन ड्रम भरून ठेवलेत," मी म्हणालो.

"आत्तापासून घर कसं सोडू? दोन महिन्यांनी, सातव्यात निघायचं म्हटलं... तेव्हा असेल?"

मला हो म्हणता आलं असतं. आयुष्यभर मी हो म्हणत आलो होतो. त्या दिवशी हो न म्हणता मी सोलकढीची वाटी तोंडाला लावली. मग तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

"मी इथंच बाळंत होईन, दादा," ती म्हणाली. "आईला सांग, वाईट वाटून घेऊ नको. इथली सुईण दोन घरं सोडून राहते. ती चालत येते."